अज्ञान मुलाची इच्छा व कायदा

शाळेत मुलाचे नाव दाखल करताना जे रजिस्टर आम्ही पुढे ओढतो, त्यात पालकाच्या नावाचा एक रकाना असतो. बहुधा तो भरावयास क्षणही लागत नाही. परंतु दर वर्षी जून महिन्यात दोनचार वेळा तरी लेखणी तेथे थबकते. मूल आईच्या तोंडाकडे पाहते, आई जमिनीकडे पाहते, आणि मग हळूच विचारणा होते की, वडिलांचे नाव घातलेच पाहिजे काय? नावापुरते उत्तर सोपे आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ठरविल्याप्रमाणे, १ मे २०१४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे व शेवटी आडनाव असा क्रम आहे. पण तो प्रश्न नावाचा नसतोच. मूल कोणाचे, ते कोणी सांभाळावे, आणि ज्याच्याविषयी हे सर्व चालले आहे त्यास काही बोलावयाचा अधिकार आहे की नाही, असा तो खरा प्रश्न असतो.

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन हमरस्ते आळेफाट्यास एकमेकांस छेदून जातात. ह्या रस्त्यांनी आमच्या जुन्नर-आंबेगावचा कांदा व टोमॅटो बाहेर जातो, आणि घरातला कर्ता पुरुषही त्याच रस्त्यांनी मुंबईस जातो. पुष्कळ घरे अशी दोन ठिकाणी वाटली गेली तरी एकच राहतात. काही मात्र खरोखरच दुभंगतात. मग आई माहेरी, बाप मुंबईस वा पुण्यास, आणि मूल महिन्यातून दोनदा एस. टी. च्या खिडकीशी बसलेले, असा क्रम सुरू होतो. अशा मुलांपैकी नववी-दहावीतील जी थोडी धीट असतात ती आम्हांस तीन गोष्टी विचारतात. कोर्टाने ठरविलेल्या दिवशी भेटीस गेलेच पाहिजे काय? आज एकाकडे राहतो, तो उद्या दुसऱ्याकडे राहावयास जाऊ शकतो काय? आणि दोघेही नकोसे झाले तर आपले आपण राहता येते काय? पालकांनाही हे प्रश्न पडत असतील. पण ते मुलांइतक्या सरळपणे विचारीत नाहीत.

शेवटचा प्रश्न प्रथम घेतो, कारण त्याचे उत्तर थोडक्यात होण्यासारखे आहे. आपल्या देशात तशी सोय नाही.

कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील मनुष्यास 'अज्ञान' म्हणतात, मग तो गणितात पहिला येणारा का असेना. आणि अठरावे वर्ष पुरे होताच तो एका रात्रीत 'सज्ञान' होतो. ही मर्यादा १८७५ च्या प्रौढत्वाच्या कायद्याने घातलेली आहे. पूर्वी ज्या मुलास कोर्टाने पालक नेमून दिला असेल तो एकविसाव्या वर्षापर्यंत अज्ञान राहत असे. तो भेद १९९९ साली काढून टाकण्यात आला. ह्या वयापूर्वी आईबापांच्या अमलातून कायदेशीर मोकळीक मिळविण्याची वाट काही देशांत आहे. तीस तिकडे एमॅन्सिपेशन म्हणतात. शब्द मूळचा रोमन लोकांचा. त्यांच्या बारा फलकांच्या प्राचीन कायद्यात असे होते की, बापाने मुलास तीन वेळा विकले तर त्यानंतर मुलावर बापाची सत्ता उरत नाही. पुढे ह्याच नियमाचा आधार घेऊन तीन लटक्या विक्र्या करून मुलास मोकळे करण्याची रीत पडली. हल्ली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात चौदा वर्षांवरील मुलास, तो आईबापांच्या संमतीने वेगळा राहत असेल व स्वतःच्या पैशाचा व्यवहार स्वतः पाहत असेल तर, कोर्टाकडून तसा दाखला मागता येतो. फ्रान्समध्ये हे वय सोळा आहे. आपल्या शेजारी गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता लागू झाली, तीत प्रौढत्व एकविसाव्या वर्षी धरले होते, आणि अठरा पुरी झालेल्या मुलास बापाने आपण होऊन मोकळे करण्याची तरतूद होती. म्हणजे तेथेही मोकळीक मिळे ती बापाच्या राजीखुशीने, बापाविरुद्ध नव्हे.

आपल्याकडे असा दाखला देणारे कोर्टच नाही. मुलाने पळून जाऊन खोली भाड्याने घेतली, तर त्याचा करारनामा मुळातच निरर्थक ठरतो. अज्ञानाचा करार करारच नव्हे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच ठरवून टाकले आहे. चौदा वर्षांखालील मुलास नोकरीस ठेवणे गुन्हा आहे, व चौदा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मुलास धोक्याच्या कामावर लावता येत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक खोटी वाट दाखविली जाते, ती लग्नाची. घरातील भांडणे असह्य झालेली मुलगी 'लग्न झाले म्हणजे सुटले' असे म्हणू लागते, आणि नातलगांपैकी कोणी ते उचलून धरतो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे वधू अठरा व वर एकवीस वर्षांचा हवा. त्याआधी लावलेले लग्न मुलीस पुढे कोर्टातून रद्द करून घेता येते, व सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत तशी मागणी करता येते. खेड्यात हे लग्न थांबविण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर, ज्यांस हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांजवर, टाकलेली आहे. तेव्हा ही सुटका नव्हे. एका अमलातून दुसऱ्या अमलात जाणे आहे, आणि दुसरा पुष्कळदा अधिक कडक असतो.

आता उरलेल्या दोन प्रश्नांकडे वळू. ते दोन्ही एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत: मूल जे म्हणते त्याला न्यायाधीशापुढे किती वजन आहे? हा वाद मुंबईत शंभरापेक्षा अधिक वर्षांपूर्वी मोठ्या जोराने गाजला होता, आणि योगायोग असा की तो मिशनच्या शाळेतील मुलांवरूनच गाजला.

डॉक्टर जॉन विल्सन ह्यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी नावाचा सुमारे सतरा वर्षांचा पारशी मुलगा १८३९ साली ख्रिस्ती झाला. त्याच्या नातलगांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. मुलगा समजत्या वयाचा आहे, त्याने वाटेल तेथे जावे, असे कोर्टाने ठरविले, व तो विल्सनसाहेबांकडे परतला. चार वर्षांनी, म्हणजे १८४३ च्या सप्टेंबरात, नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. (हेच पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री म्हणून जालन्याजवळील बेथेल ह्या वसाहतीमुळे प्रसिद्धीस आले.) त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा सुमारे बारा वर्षांचा. तोही भावापाठोपाठ मिशनरी रॉबर्ट नेस्बिट ह्यांच्या घरी राहावयास गेला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. पण तो तेथे राहिला होता, जेवला होता. वडिलांनी कोर्टाकडून असा हुकूम मिळविला की, नेस्बिट ह्यांनी मुलास कोर्टापुढे आणून हजर करावे. मुलाची इच्छा मिशनरींजवळ राहण्याची होती, ह्याविषयी कोणासच शंका नव्हती.

न्यायमूर्ती अर्स्किन पेरी ह्यांच्यापुढे मुद्दा असा होता की, इतक्या लहान मुलाची परीक्षा घेऊन, त्यास निवड करण्याइतकी समज आहे की नाही हे पाहत बसावे काय? त्यांनी ते नाकारले. ताबा बापाचा, आणि मूल त्या वयाचे होईपर्यंत त्याच्या पसंतीचा प्रश्नच उद्भवत नाही, असे त्यांचे मत पडले. श्रीपत बापाच्या हवाली झाला. पण गोष्ट तेथे संपली नाही. मिशनरींच्या घरचे अन्न खाल्लेल्या मुलास जातीत परत घ्यावे की नाही, ह्यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात फूट पडली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी पुढाकार घेऊन त्याला प्रायश्चित्त देवविले. सनातनी मंडळींनी ते मानण्याचे नाकारून उलट शास्त्रीबुवांवरच शस्त्र धरले.

आम्ही मिशनच्या शाळेतले. सबब ह्या खटल्याकडे पाहताना आमचे मन कोणीकडे झुकेल हे वाचकांनी गृहीत धरल्यास त्यांचा दोष नाही. तथापि आम्हांस असे वाटते की, त्या बापाचे दुःख खरे होते. एक मुलगा हातचा गेलेला, दुसरा जाऊ घातलेला; त्याने कोर्टाची पायरी चढावी ह्यात नवल नाही. खटकते ते निराळेच. मिशन, बाप, कोर्ट, शास्त्री-पंडित, वर्तमानपत्रे, एवढी सगळी मोठी माणसे त्या बारा वर्षांच्या पोराभोवती उभी राहिली, आणि प्रत्येकाचा वाद धर्माचा, हक्काचा वा जातीचा होता. पोराचे भले कशात, हा वाद कोणाचाच नव्हता. आमच्या आळे गावी ज्या रेड्याची समाधी दाखवितात त्याच्या आख्यायिकेतही असेच आहे: संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली, आणि त्यांची झडती झाली ती त्यांच्या आईबापांच्या वर्तनावरून.

पेरीसाहेबांच्या निवाड्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी, १८९० साली, पालक व पाल्य ह्यांचा कायदा झाला. तो आजही चालू आहे व सर्व धर्मांच्या मुलांस लागू पडतो. त्याच्या सतराव्या कलमात एक लहानसे पोटकलम आहे. मूल समजूतदारपणे पसंती ठरविण्याइतके मोठे असेल, तर कोर्टास त्या पसंतीचा विचार करता येईल, एवढाच त्याचा आशय. विचार करता येईल. केलाच पाहिजे असे नाही, आणि मानलाच पाहिजे असे तर नाहीच नाही. पण १८४३ साली ज्या मुलाची परीक्षा घेण्याचेच नाकारले, त्यास आता निदान विचारण्याची मुभा झाली. मद्रासेकडील नारायणय्या नामक गृहस्थांनी आपले दोन मुलगे बेझंटबाईंच्या स्वाधीन केले व मागाहून परत मागितले. थोरला तो पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेला जे. कृष्णमूर्ती. ते प्रकरण १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले, तेव्हा मुलांची इच्छा जाणून न घेताच त्यांस विलायतेहून परत आणण्याचा हुकूम दिला हे बरोबर नव्हे, असे तेथे स्पष्ट सांगण्यात आले. स्वातंत्र्यानंतर १९५५ चा हिंदू विवाहाचा कायदा झाला. त्याच्या २६ व्या कलमात, मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण ह्यांविषयीचे हुकूम शक्य तेथवर मुलांच्या इच्छेस धरून असावेत, असे शब्दच घातले आहेत. ख्रिस्ती दांपत्यांस १८६९ चा घटस्फोटाचा कायदा आहे. त्यात असे शब्द नाहीत, तरी १९७३ साली एका ख्रिस्ती कुटुंबाच्या खटल्यातच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुले ही काही आईबापांची जिंदगी नव्हे अथवा खेळणी नव्हेत, आणि ताब्याविषयीचा हुकूम परिस्थिती बदलली असता पुन्हा बदलता येतो. हे दुसरे वाक्य विद्यार्थ्यांनी ध्यानात धरावे. त्याचा उपयोग पुढे आहे.

येथे कोणी म्हणेल की, मग काय, मुलाने सांगावे व कोर्टाने ऐकावे! तसे होत नाही, आणि होऊ नये. मुंबईच्या एका विभक्त पारशी दांपत्याच्या मुलीचे प्रकरण १९८२ साली सर्वोच्च न्यायालयात आले. न्यायमूर्तींनी मुलीस आपल्या दालनात बोलावून तिच्याशी संभाषण केले, आणि शेवटी ठरविले की, आईबापांच्या भांडणाने हिचे मन इतके ओढाताणीत सापडले आहे की हिची पसंती ही समजूतदार पसंती म्हणता येत नाही. व तिचे हित पाहून ताबा आईकडे दिला. ह्याच्या उलट २००८ सालचे कोलकात्याचे प्रकरण पहा. आईच्या मृत्यूबद्दल बापावर खटला चालू, व सहा वर्षांचा मुलगा आजोळी. खालच्या कोर्टांनी मूल लहान म्हणून त्यास काही विचारलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ही चूक मानली, स्वतः त्या चिमुरड्याशी बोलणे केले, आणि त्यास आजीआजोबांजवळच राहू दिले. वयाचा आकडा निर्णायक नाही. अमुक वर्षांपासून मुलाचे ऐकावे असा नियम आपल्या कायद्यात कोठेही नाही. पाहतात ते असे, की हे बोलणे मुलाचे स्वतःचे आहे की कोणी पढविलेले आहे, आणि त्यास कारण आहे की नुसता राग आहे.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. ताबा एकाकडे दिला म्हणजे दुसऱ्याचे नाते तुटत नाही. कोर्ट त्याला भेटीचे दिवस नेमून देते: महिन्यातील अमुक शनिवार, दिवाळीची व मे महिन्याची अर्धी सुटी, कधी कोर्टाच्या आवारातील मुलांच्या खोलीत दोन तास, आणि हल्ली टेलिफोनवर वा चित्रफोनवर बोलणे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे की, दोघांचेही प्रेम मिळणे हा मुलाचाच हक्क आहे. हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. भेट ही बापास वा आईस दिलेली बक्षिसी नव्हे. ती मुलासाठी आहे, आणि म्हणूनच ती मुलास बाधत असेल तर तिच्यात फेरफार करण्यास जागा आहे.

परंतु फेरफार करावयाचा तो कोर्टाने. मुलाने घरी बसून नव्हे. ही गोष्ट मुलांस समजत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. समजा, आईजवळ राहणारी मुलगी म्हणाली, मी ह्या शनिवारी बाबांकडे जात नाही. तिला कोणी तुरुंगात घालणार नाही. हुकूम तिच्यावर नाहीच. तो आहे आईवर. बाप कोर्टात जाऊन म्हणेल, हिने मुलीस फितवून भेट बुडविली. असे दोनतीनदा घडले म्हणजे आईवर कोर्टाच्या बेअदबीचा ठपका येऊ शकतो, आणि प्रसंगी ताबाच बदलण्याचा विचार होतो. म्हणजे जिच्यासाठी मुलीने नाही म्हटले तीच अडचणीत येते. तेव्हा नको असेल तर नको असे कोर्टास कळविले पाहिजे, व ते का हेही सांगितले पाहिजे.

कारणे नाना प्रकारची असतात. दहावीचे वर्ष आहे, शनिवार-रविवार प्रवासात जातात; हे कारण पुरेसे आहे, कोर्ट दिवस बदलून देते. तेथे करमत नाही, नवी आई बोलत नाही. हेही सांगावे, पण त्यावरून भेट अजिबात बंद होईल अशी आशा धरू नये. फार तर रात्रीचा मुक्काम टळेल. बाबा दारू पिऊन गाडी चालवितात, हात उगारतात, अथवा ज्याची वाच्यता करण्यास लाज वाटते असे काही कोणी करतो. हे कारण निराळ्याच जातीचे. त्यासाठी पुढल्या तारखेची वाट पाहावयाची नाही.

सांगावयाचे कोठे? पुण्यास १९८९ पासून कौटुंबिक न्यायालय आहे. जो भाग अशा न्यायालयाच्या हद्दीत येत नाही तेथील अर्ज जिल्हा न्यायालयाकडे जातात. १८९० च्या कायद्याप्रमाणे अर्ज चालतो तो मूल नेहमी जेथे राहते त्या जिल्ह्यात. बाप मुंबईस असला तरी आळ्यास राहणाऱ्या मुलाच्या पालकत्वाचा अर्ज पुणे जिल्ह्यात करावा लागतो. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात. मुलाने मनातले प्रथम त्यांस सांगावे, म्हणजे ते न्यायाधीशांपुढे जाते. न्यायाधीशांची एकट्याने भेट मिळावी अशी विनंती करता येते. ती झाल्यास आईबाप बाहेर बसतात, आत काळे कोट व पिंजरा नसतो, आणि पाठ करून गेलेले वाक्य तेथे चटकन ओळखू येते. स्वतःच्या नावाने दावा मात्र अज्ञानास लावता येत नाही. त्याच्या वतीने कोणी सज्ञान मनुष्य उभा राहावा लागतो. त्याला कायद्यात 'वादमित्र' असे सुंदर नाव आहे. मामा, मावशी, आजोबा, कोणीही वादमित्र होऊ शकतो, मात्र त्याचा स्वतःचा स्वार्थ मुलाच्या हिताविरुद्ध असता कामा नये. पालकत्वाचा अर्जही केवळ आईबापांनीच करावा असे नाही. आप्त वा स्नेही करू शकतो. वकिलाच्या खर्चाची चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया व मुले ह्यांस, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, आणि १५१०० ह्या क्रमांकावर चौकशी करता येते.

मारहाण, उपासमार वा त्याहून वाईट प्रकार असेल तेथे वाट दुसरी आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याने बालकल्याण समित्या नेमलेल्या आहेत. समितीत एक अध्यक्ष व चार सभासद असतात. तिच्यापुढे मुलास पोलीस आणू शकतात, शिक्षक आणू शकतात, आणि मूल स्वतः होऊनही उभे राहू शकते. ह्या शेवटच्या शब्दांचे मोल पुष्कळांस ठाऊक नाही. आईबापांची संमती लागत नाही, वादमित्र लागत नाही. १०९८ ह्या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही पैसे न पडता टेलिफोन करता येतो. घरात आईसही मार बसत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली आईला दंडाधिकाऱ्यांकडून मुलांचा तात्पुरता ताबा मिळतो, व भेटीने मुलास अपाय होईल असे दिसल्यास दंडाधिकारी भेट नाकारू शकतात. आळेफाट्याच्या स्टँडवरून चारी दिशांस गाड्या सुटतात, आणि त्यांपैकी एकीत दप्तरासह चढून बसणे रागाच्या भरात फार सोपे असते. मुंबईच्या फलाटावर रात्री उतरलेल्या मुलाची जी दशा होते ती येथे वर्णन करीत नाही. ज्या टेलिफोनाला पैसे पडत नाहीत तो तिकिटाहून स्वस्त आहे, एवढेच म्हणतो.

पालकांस दोन शब्द. शाळा ही कोर्ट नव्हे. मधल्या सुटीत एकजण फाटकाशी येऊन मुलास न्यावयास मागतो, व दुसऱ्याने देऊ नये म्हणून बजावलेले असते, अशा वेळी आमची पंचाईत होते. ताब्याचा व भेटीचा हुकूम झाला असल्यास त्याची नक्कल शाळेत आणून द्यावी. हुकूम नसल्यास दोघांपैकी एकास परके ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. आणि कृपा करून मुलाच्या हाती निरोप पाठवू नयेत. पोटगीचे पैसे का आले नाहीत, हे विचारण्याचे काम सातवीतल्या मुलाचे नाही.

आणखी एक गोष्ट शेतकरी घरांसाठी सांगणे अवश्य आहे. बाप वारला वा वाटणी झाली म्हणजे सातबाऱ्यावर मुलाचे नाव लागते आणि त्यापुढे 'अ. पा. क.' अशी अक्षरे येऊन आईचे किंवा चुलत्याचे नाव येते. अज्ञान पालन करणारा, असा त्याचा अर्थ. पालन करणारा म्हणजे मालक नव्हे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्वाच्या कायद्याप्रमाणे आईबापांसही मुलाच्या स्वतःच्या मालकीची जमीन कोर्टाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. विकली तर मुलास सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत ती विक्री रद्द करून मागता येते. त्याच कायद्यात बाप हा नैसर्गिक पालक व 'त्याच्या मागून' आई असे म्हटले आहे. परंतु १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने 'मागून' ह्याचा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा नव्हे, तर बाप मुलाकडे लक्ष देत नसेल तेव्हाही, असा लावला. माहेरी येऊन राहिलेल्या किती आयांना हे ठाऊक असेल कोण जाणे. रस्त्यांसाठी व इमारतींसाठी जमिनी मागितल्या जाण्याच्या ह्या दिवसांत ही माहिती मुलांच्या हिताची आहे, आणि चुलत्यांसही ती असावी.

अठरावा वाढदिवस आला की ताब्याचा हुकूम आपोआप संपतो आणि भेटीचाही. त्या दिवसापासून शनिवारी कोणी कोणास पाठवीत नाही. जावयाचे तर मुलाने आपल्या मनाने जावयाचे. पोषणाचा भार मात्र सर्वांच्या बाबतीत त्याच दिवशी सुटत नाही. हिंदू मुलगी सज्ञान झाली तरी, अविवाहित असून तिला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर, १९५६ च्या दत्तक व निर्वाहाच्या कायद्याप्रमाणे तिचा भार आईबापांवरच राहतो. इतर सर्व मुलांस, ख्रिस्ती मुलांसही, पूर्वी फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाखाली पोटगी मागता येत असे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. ती अज्ञान मुलांपुरती, व अपंग वा मनाने दुर्बल अशा सज्ञान मुलांपुरती आहे. बारावीनंतर पुढे शिकू इच्छिणाऱ्या धडधाकट मुलाच्या फीचा प्रश्न त्यामुळे अनेक ठिकाणी अर्धवट लोंबकळतो. म्हणून ज्यांचे प्रकरण आज कोर्टात चालू आहे त्यांनी तडजोड लिहिताना कॉलेजच्या खर्चाचा स्पष्ट उल्लेख त्यातच करून घ्यावा. त्या वेळी मूल दहावीत असले तरी.